माती तपासायला सरकारी पैसा

अमेरिकेतल्या बहुतेक लहान गावांत मोक्याच्या चौकावर एखादा बंद पडलेला पेट्रोल पंप सापडतो. पंपाची यंत्रं कधीच काढून नेलेली, छपराचा पत्रा गंजलेला, काँक्रीटच्या भेगांतून गवत वर आलेलं. जागा हमरस्त्याला लागून, समोर वर्दळ, वीज-पाणी दारात. अशी जागा हातोहात खपायला हवी. तरी ती वीस-वीस वर्षं तशीच पडून राहते. तिच्या पोटात लोखंडी टाक्या असतात. त्या गळल्या की नाही, गळल्या असतील तर बेन्झीन किती खोल गेलं आणि कुणाच्या विहिरीपर्यंत पोचलं, हे कुणालाच ठाऊक नसतं. शोधून काढायला पुढे यायची तर कुणाचीच तयारी नसते.

या जातीच्या जागांना तिकडे ‘ब्राउनफील्ड’ म्हणतात. प्रदूषण झालेलं आहे किंवा झालं असावं असा संशय आहे, आणि त्या संशयामुळेच जिचा पुनर्वापर अडलेला आहे, अशी जमीन. केंद्र सरकारची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, देशभरात अशा साडेचार लाखांहून अधिक जागा असाव्यात असा अंदाज सांगते. त्यातल्या निम्म्याच्या आसपास जागांवर पेट्रोलियमचा डाग आहे, आणि तो प्रामुख्याने जुन्या पंपांच्या टाक्यांचा आहे. उरलेल्यांत कपडे धुण्याची ड्रायक्लीनिंगची दुकानं, मुलामा चढवण्याचे कारखाने, चामडं कमावण्याच्या जागा, कोळशापासून गॅस काढणारी जुनी केंद्रं, रेल्वेची यार्डं आणि पोलाद गिरण्या येतात.

या जमिनी साफ करून पुन्हा वापरात आणण्यासाठी अमेरिकी सरकार गेली तीसेक वर्षं अनुदान देत आलं आहे. हा कार्यक्रम ऐकायला कंटाळवाणा वाटतो, पण त्यात एक मजेदार गाठ आहे. जी भीती घालवण्यासाठी सरकारला हा पैसा मोजावा लागतो, तिचा मोठा भाग सरकारच्याच एका कायद्याने निर्माण केला होता. आणि तो कायदा चुकीचा होता, असंही म्हणता येत नाही.

त्या कायद्याचं मूळ न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स या शहरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे विल्यम लव्ह या गृहस्थाने जलविद्युत आणि वाहतुकीसाठी कालवा खणायला घेतला. पैसा आटला, हा ‘लव्ह कॅनॉल’ अर्धवट राहिला. पुढे १९४२ ते १९५३ या काळात हूकर केमिकल कंपनीने त्या चरात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि वर मातीचा थर दिला. १९५३ मध्ये कंपनीने ही जागा शहराच्या शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. खाली रसायनं आहेत आणि पुढे काही झालं तर आम्ही जबाबदार नाही, असा मजकूर खरेदीखतात घालायला ती विसरली नाही. मंडळाने तिथे शाळा बांधली, भोवती घरं उठली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात पाऊस-बर्फाने जमिनीतली पाण्याची पातळी वाढली आणि तळघरांच्या भिंतींतून काळपट, उग्र वासाचा द्रव झिरपू लागला. लोइस गिब्ज या गृहिणीने शेजारपाजारच्यांना एकत्र करून आंदोलन उभं केलं. ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी तिथे आणीबाणी जाहीर केली. आधी कालव्याला लागून असलेली कुटुंबं हलवली, १९८० मध्ये दुसऱ्यांदा आणीबाणी जाहीर झाल्यावर आणखी शेकडो.

लव्ह कॅनॉलचा हा धक्का ताजा असतानाच ११ डिसेंबर १९८० रोजी कार्टर यांनी ‘सुपरफंड’ कायद्यावर सही केली. रसायन आणि तेल कंपन्यांवर कर लावून पाच वर्षांसाठी १६० कोटी डॉलरचा निधी उभा राहिला. पण कायद्याची खरी धार निधीत नव्हती, जबाबदारीच्या कलमांत होती. प्रदूषण तुमच्या हलगर्जीपणामुळे झालं की नाही, हे बघायचं कारण नाही. कायदा येण्याआधी केलेल्या कृत्यालाही तो लागू. आणि दहा जणांनी मिळून घाण केली असेल, त्यातले नऊ बुडाले असतील, तर उरलेल्या एकाकडून सगळा खर्च वसूल करता येईल. जबाबदारांच्या यादीत प्रदूषण करणारा तर होताच, शिवाय जागेचा आजचा मालकही होता.

आपल्याकडे सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा असला की खरेदीदार मागे सरतो. पण त्या बोज्याचा आकडा तरी उताऱ्यावर लिहिलेला असतो. सुपरफंडचा बोजा जमिनीत मुरलेला होता आणि त्याचा आकडा कुठेच नव्हता. दोन लाखांची जागा घेतली आणि साफसफाईला वीस लाख लागले, तर ते नव्या मालकाच्या बोकांडी. बँकाही बिचकल्या. १९९० मध्ये एका अपील न्यायालयाने फ्लीट फॅक्टर्स खटल्यात असं मत नोंदवलं की कर्जदाराच्या कचरा-व्यवस्थापनावर प्रभाव टाकण्याइतकी पकड असलेली वित्तसंस्थाही जबाबदार धरली जाऊ शकते. झालं! जुन्या कारखान्याची जागा तारण घ्यायला बँका नाखूश झाल्या. कारखानदार शहराबाहेरच्या कोऱ्या शेतजमिनीवर जाऊ लागले. तिथे रस्ते, गटारं, विजेचे खांब सगळं नव्याने घालावं लागलं आणि शहरातल्या तयार सोयींजवळची जमीन ओस पडली. प्रदूषकाला धडा शिकवणाऱ्या कायद्याने ज्याने काहीच केलं नव्हतं त्यालाही पळवून लावलं.

यातून वाट काढण्याचा पहिला नीटसा प्रयत्न ओहायो राज्यात झाला. क्लीव्हलँड शहर आणि भोवतालची कायाहोगा काउंटी हा एकेकाळचा पोलादाचा, रंगांचा, तेलाचा मुलूख. तिथल्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने जून १९६९ मध्ये पेट घेतला होता आणि त्या आगीने अख्ख्या देशाच्या पर्यावरण-धोरणाला चटका दिला होता. १९९२ मध्ये काउंटीच्या नियोजन आयोगाने पडीक औद्योगिक जमिनींवर चर्चा घडवून आणली. पुढच्याच वर्षी ईपीएने काउंटीला २ लाख डॉलर दिले. ब्राउनफील्डसाठीचं हे पहिलं प्रायोगिक अनुदान. क्लीव्हलँडमधल्या एका बंद कारखान्याची जागा त्या पैशातून तपासली गेली, खाजगी पैसा मागून आला, नवे उद्योग आले आणि शंभराहून अधिक नोकऱ्या तयार झाल्या.

दोन लाख डॉलरमध्ये कारखान्याची जमीन साफ होत नाही. कित्येकदा नुसती माती खणून ट्रकमध्ये भरायलाही तेवढे पुरत नाहीत. पण त्या पैशात बोअर घेता येतात, नमुने प्रयोगशाळेत पाठवता येतात आणि एक अहवाल तयार होतो. त्या अहवालात आकडा असतो. साफसफाईला आठ लाख लागतील, असं एकदा कागदावर आलं की खरेदीदार किंमत पाडून मागू शकतो, बँक हिशेब मांडू शकते, विमा कंपनी हप्ता ठरवू शकते. बाजाराला वाईट बातमी चालते. अज्ञात बातमी चालत नाही. या कार्यक्रमाचं यश कुठे असेल तर ते इथे आहे, आणि ते पचायला प्रशासनाला बराच वेळ लागला.

१९९५ मध्ये ईपीएच्या प्रशासक कॅरल ब्राउनर यांनी हा प्रयोग देशभर नेला. त्याच सुमारास संस्थेने संशयित जागांच्या आपल्या यादीतून हजारो नावं वगळली, कारण तिथे केंद्राने हात घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी नुसतं यादीत नाव असल्यामुळे त्या जागा विकल्या जात नव्हत्या. १९९६ मध्ये कर्ज देणाऱ्या बँकांना कायद्याने अभय मिळालं. मग २००१ च्या एप्रिलमध्ये सिनेटपुढे ब्राउनफील्डचं स्वतंत्र विधेयक आलं आणि ९९ विरुद्ध शून्य मतांनी पार पडलं. ज्या सभागृहात साध्या गोष्टींवरही दोन तट पडतात तिथे असा निकाल विरळाच. शहराला कर हवा होता, बिल्डरला जागा हवी होती, पर्यावरणवाद्यांना शेतजमीन वाचवायची होती; सगळ्यांच्या गरजा एका कागदावर बसल्या. ११ जानेवारी २००२ रोजी जॉर्ज बुश यांनी पेनसिल्व्हेनियातल्या कॉन्शोहॉकन या जुन्या औद्योगिक गावात जाऊन त्यावर सही केली.

या कायद्याने वर्षाला २५ कोटी डॉलरपर्यंतच्या खर्चाला मंजुरी दिली: २० कोटी अनुदानांसाठी, ५ कोटी राज्यांच्या यंत्रणांसाठी. पण पैशांइतकंच महत्त्वाचं एक कलम त्यात होतं. जो खरेदीदार जागा घेण्याआधी तिचा इतिहास प्रामाणिकपणे तपासेल आणि घेतल्यावर योग्य ती काळजी घेईल, त्याच्यावर जुन्या प्रदूषणाची जबाबदारी येणार नाही. प्रदूषण आहे हे माहीत असूनही त्याने जागा घेतली, तरीही. एका अर्थाने ज्ञान हीच ढाल झाली. आधी माहिती नसण्यातच शहाणपण होतं. आता माहिती करून घेण्यात ते आलं.

ही तपासणी म्हणजे जमिनीच्या कागदपत्रांच्या सर्च रिपोर्टचीच पुढची पायरी. फक्त इथे मालकाऐवजी मातीची वंशावळ काढतात. पहिल्या टप्प्यात मातीला हातही लावायचा नसतो. जुनी विमानातून काढलेली छायाचित्रं बघायची, शहराच्या जुन्या व्यवसाय-सूच्या चाळायच्या, परवाने शोधायचे, हयात असलेल्या कामगारांना गाठून विचारायचं की तेलाची पिंपं कुठे ठेवायचे, घाण पाणी कुठे सोडायचे. आणि सगळ्यांत मोलाचा दस्तऐवज म्हणजे सॅनबॉर्न नकाशे. १८६७ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने आगीच्या विमा कंपन्यांसाठी सुमारे बारा हजार शहरांचे आणि गावांचे बारकाईचे नकाशे काढले. विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी. आगीचा धोका ठरवायचा म्हणून रंगाची भट्टी कुठे, तेलाची टाकी कुठे, कुठल्या मजल्यावर काय चालतं, हे सगळं त्यावर टिपलेलं. शंभर वर्षांपूर्वीच्या विमा एजंटाची ही दक्षता आज पर्यावरणाच्या अभियंत्याला कुठे बोअर घ्यायचा ते सांगते.

संशयाला जागा उरली तर दुसरा टप्पा. ठरावीक ठिकाणी बोअर घेऊन वेगवेगळ्या खोलीवरची माती काढतात, भूजलासाठी निरीक्षण विहिरी पाडतात. शिसं, आर्सेनिक, बेन्झीन, डांबरातली बहुवलयी रसायनं, जुन्या ट्रान्सफॉर्मरमधली पीसीबी, इमारत असेल तर ॲस्बेस्टॉस, हे सगळं तपासतात. ड्रायक्लीनिंगच्या जागी पर्क्लोरोइथिलीन हमखास शोधायचं. ते पाण्यापेक्षा जड असल्याने खाली खाली उतरत जातं आणि त्याची वाफ पुढे शेजारच्या इमारतीच्या तळघरात निघते.

अनुदानाचे प्रकार या टप्प्यांना जुळवूनच केलेले आहेत. एक तपासणीसाठी, एक प्रत्यक्ष साफसफाईसाठी, एक फिरत्या कर्जनिधीसाठी. या तिसऱ्यात शहर किंवा राज्य केंद्राचे पैसे घेऊन साफसफाई करणाऱ्यांना स्वस्त कर्ज देतं आणि परतफेड झाली की तोच पैसा पुढच्या जागेला जातो. स्थानिक बेरोजगारांना दूषित जागेवर सुरक्षितपणे काम करण्याचं प्रशिक्षण देण्यासाठी वेगळं अनुदान १९९८ पासून आहे. २०१८ च्या दुरुस्तीने अनेक कामं एकत्र करणारं बहुउद्देशीय अनुदान आलं आणि साफसफाईची मर्यादा ५ लाख डॉलर झाली. मग २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने या कार्यक्रमात एकदम १५० कोटी डॉलर ओतले. एरवी साफसफाईच्या अनुदानात २० टक्के वाटा अर्जदाराने घालायचा असतो. या पैशासाठी ती अटही शिथिल झाली.

खाजगी कंपनीला यातला एकही डॉलर थेट मिळत नाही. अर्ज करायचा तो नगरपालिकांनी, काउंट्यांनी, राज्यांनी, आदिवासी शासनांनी आणि ना-नफा संस्थांनी. साफसफाईचं अनुदान हवं तर जागा अर्जदाराच्या मालकीची हवी आणि प्रदूषण त्याने केलेलं नसावं. बऱ्याच शहरांकडे अशा जागा थकलेल्या मालमत्ता करापोटी आयत्या येऊन पडलेल्या असतात. अर्ज दहा पानांत बसवायचा, त्याला गुण पडतात आणि देशभरातल्या अर्जांशी स्पर्धा असते. म्हणजे ज्या शहराकडे प्रस्ताव लिहिणारी हुशार माणसं, त्याला झुकतं माप. तीन कारकून असलेल्या डोंगराळ गावाने काय करायचं? त्यासाठी ईपीए काही विद्यापीठांना पैसे देऊन फुकट सल्ला केंद्रं चालवते. कॅन्ससचं राज्य विद्यापीठ आणि वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. सोय चांगली आहे, पण स्पर्धेतली विषमता तिने पूर्ण भरून निघते असं म्हणवत नाही.

पैसे मिळाले की साफसफाई म्हणजे नेमकं काय करतात? सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे माती खणून काढायची आणि घातक कचऱ्याच्या भूभरणीवर नेऊन टाकायची. तो महाग आहे, आणि आपली घाण दुसऱ्याच्या दारात नेण्याचाच तो प्रकार आहे. दुसरा उपाय झाकण्याचा: चिकणमाती, स्वच्छ माती किंवा डांबर यांचा थर देऊन माणसाचा आणि विषाचा संपर्क तोडायचा. अनेक मॉलचा वाहनतळ हा खरं तर असं झाकण असतो. भूजल दूषित असेल तर ते उपसून, गाळून परत सोडतात. हे काम दशकंच्या दशकं चालू राहू शकतं. वाफेचा त्रास असेल तर फरशीखाली नळ्या घालून पंख्याने ती ओढून घेतात. सगळ्यांत गमतीचा उपाय जिवाणूंचा. क्लोरीनयुक्त द्रावकं फोडणाऱ्या जिवाणूंना खाद्य म्हणून जमिनीत मळी किंवा वनस्पती तेल सोडतात. आपल्याकडे साखर कारखान्यामागून जाताना ज्या मळीच्या वासाने नाक धरावं लागतं, तिचा असाही उपयोग आहे.

किती साफ करायचं, हा प्रश्न रसायनशास्त्राइतकाच राजकारणाचा आहे. जमीन शतकापूर्वीसारखी निर्मळ करायची म्हटली तर कुठलाच हिशेब बसणार नाही. म्हणून राज्यांनी वापरानुसार निकष ठरवले. पेनसिल्व्हेनियाने १९९५ च्या कायद्यात तीन पर्याय दिले: आसपासच्या नैसर्गिक पातळीइतकं साफ, राज्याच्या आरोग्य-निकषांइतकं साफ, किंवा त्या विशिष्ट जागेच्या वापराला पुरेसं साफ. गोदामाखाली चालेल ते बालवाडीखाली चालत नाही. उरलेल्या विषाची नोंद मग खरेदीखतात करतात: इथे विहीर पाडू नये, घर बांधू नये, झाकण फोडू नये. ही पद्धत व्यवहाराची आहे आणि तिच्यातच तिचा कच्चा दुवा आहे. लव्ह कॅनॉलच्या खरेदीखतातही इशारा होताच. तीस वर्षांनी तो कागद कोण काढून वाचणार?

हे सगळं जमून आलेलं बघायचं तर विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराकडे जावं. तिथलं मेनोमनी खोरं म्हणजे मुळात जंगली भाताची दलदल. एकोणिसाव्या शतकात ती भरून काढून तिच्यावर रेल्वे, कातडी कारखाने, कत्तलखाने आणि यंत्रशाळा उभ्या राहिल्या. मिलवॉकी रोड या रेल्वे कंपनीच्या तिथल्या कार्यशाळांत इंजिनं आणि डबे बनत. १९८५ मध्ये त्या बंद झाल्या आणि शहराच्या ऐन मध्यावरचं सुमारे बाराशे एकरांचं खोरं हळूहळू ओस पडलं. नदीही अशी की तिच्याकडे कुणी बघू नये. लोक पुलावरून गाडीने निघून जात, खाली उतरायचं कारणच उरलं नव्हतं.

१९९९ मध्ये उद्योजक, रहिवासी आणि पालिका यांनी मिळून या खोऱ्यासाठी एक ना-नफा संस्था उभी केली. २००३ मध्ये शहराने रेल्वे कार्यशाळांची जमीन कायद्याचा बडगा उगारून ताब्यात घेतली. मग केंद्राची ब्राउनफील्ड अनुदानं, राज्याचा पैसा, शहराचा पैसा असं एकावर एक रचत काम सुरू झालं. जागा पूररेषेत होती, ती उंच करायला भराव हवा होता. शहरात तेव्हाच महामार्गाचा एक मोठा चौक नव्याने बांधला जात होता, तिथली माती उपयोगी पडली. भरावाने जुनी दूषित जमीन झाकली गेली, पूररेषेचाही प्रश्न सुटला. पावसाचं पाणी प्रत्येक कारखान्याने आपापल्या कुंपणात जिरवण्याऐवजी सगळ्यांचं मिळून एका बागेत नेलं, तिथल्या पाणवनस्पतींतून ते गाळून नदीत जातं.

मिलवॉकीने जमिनी विकताना घातलेली अट महत्त्वाची आहे. एका एकरामागे साधारण २२ नोकऱ्या, आणि त्याही पोट भरेल इतक्या पगाराच्या. गोदामं, जिथे दहा एकरांवर पाच माणसं असतात, त्यांना दार बंद. २००६ मध्ये गोठवलेले पिझ्झा बनवणारा कारखाना तिथे आला, मागोमाग इतर आले, पवनचक्क्यांची विद्युत उपकरणं करणारी एक स्पॅनिश कंपनीही आली. २०१३ मध्ये नदीकाठी चोवीस एकरांचं सार्वजनिक उद्यान खुलं झालं आणि कामगार वस्त्यांतली मुलं पुलावरून चालत नदीवर येऊ लागली. जुन्या कार्यशाळांची दोन उंच धुराडी मुद्दाम राखली आहेत. सरकारी पैशातून साफ झालेल्या जमिनीवर काय यावं हे सरकारनेच ठरवलं, म्हणून मिलवॉकीचं उदाहरण इतरांहून सरस वाटतं.

पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमची तऱ्हा निराळी. गोल्डन गेट पुलाचं पोलाद जिथलं, त्या बेथलेहेम स्टीलचा तिथला कारखाना सुमारे अठराशे एकरांवर पसरला होता. १९९५ मध्ये भट्ट्या विझल्या, २००१ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. पुढे २००९ मध्ये एका भागात जुगाराचा कॅसिनो उघडला, दोन वर्षांनी झोतभट्ट्यांच्या पायथ्याशी ‘स्टीलस्टॅक्स’ हे कलासंकुल. तिथे भविष्यात वाढणाऱ्या कराचे पैसे आधीच उचलून कामाला लावले गेले. गंजलेल्या भट्ट्यांसमोर आज गाण्याचे कार्यक्रम होतात. दृश्य देखणं आहे; पोलाद कामगाराच्या पगाराची बरोबरी कॅसिनोतली नोकरी करते का, हे मात्र विचारायला हवं.

अटलांटात प्रश्न आणखी टोकदार झाला. शहराभोवतीच्या जुन्या रेल्वेमार्गांचं २२ मैलांचं कडं पायवाटा, बागा आणि वाहतुकीसाठी वापरायची कल्पना रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने १९९९ मध्ये आपल्या प्रबंधात मांडली. त्यातून ‘बेल्टलाइन’ उभी राहिली. कडेच्या दूषित जागा तपासायला ब्राउनफील्डचा पैसाही वापरला गेला. वाट झाली, तशी तिच्या कडेच्या घरांची भाडी चढली. आजवर ज्या गरीब, प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्त्यांनी प्रदूषण सोसलं, त्यांनाच स्वच्छ झाल्यावर तिथे राहणं परवडेना. परवडणारी घरं पुरेशी होत नाहीत म्हणून २०१६ मध्ये खुद्द ग्रॅव्हेल यांनी प्रकल्पाशी जोडलेल्या संस्थेच्या मंडळाचा राजीनामा दिला.

ईपीए सांगते की तिच्या एका डॉलरमागे सुमारे २० डॉलरची इतर गुंतवणूक येते आणि साफ झालेल्या जागेभोवतीच्या घरांच्या किमती ५ ते १५ टक्क्यांनी वाढतात. पहिला आकडा थोडा जपून घ्यावा. त्यातली काही गुंतवणूक अनुदान नसतं तरी आली असती. दुसरा आकडा कुणाला सांगता त्यावर त्याचा अर्थ अवलंबून आहे. घरमालकाला तो लाभ वाटतो, भाडेकरूला नोटीस.

भारतात या विषयाची कायदेशीर चौकट अगदी ताजी आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्या वेळी देशात १०३ दूषित जागा निश्चित झाल्या होत्या आणि जेमतेम सात ठिकाणी साफसफाई सुरू झाली होती. भोपाळच्या कारखान्यात साठवून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा वायुगळतीच्या दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, २०२५ च्या जानेवारीत, पिथमपूरला हलवला आणि पुढच्या काही महिन्यांत जाळण्यात आला. कारखान्याच्या आवारातली माती आणि भूजल हा वेगळाच विषय. नव्या नियमांनुसार संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने द्यायची, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासायचं, खर्च प्रदूषकाकडून वसूल करायचा आणि प्रदूषक सापडत नसेल किंवा त्याला झेपत नसेल तर केंद्र-राज्याने तो उचलायचा. घनकचऱ्याच्या डेपोंना हे नियम लागू नाहीत. म्हणजे १९२७ पासून कचरा झेलणाऱ्या मुंबईच्या देवनारसारख्या जागांचा कारभार वेगळ्या नियमांनी चालणार.

महाराष्ट्रात मात्र पुनर्विकास नियमांसाठी थांबलेला नाही. गिरणगावातल्या जमिनींवर १९९१ च्या विकास नियमावलीपासून भांडण झालं ते कुणाला किती वाटा यावर. मातीत काय उरलं, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही. मुलुंड-भांडुपच्या शास्त्री मार्गावर, ठाण्याच्या पोखरण रस्त्यावर, पिंपरी-चिंचवडमध्ये कारखाने गेले आणि त्या जागी मनोरे उभे राहिले, राहत आहेत. तिथे घर घेणाऱ्याने महारेराचा नोंदणी क्रमांक आणि चटईक्षेत्र विचारतो त्याच दमात आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: या जागेवर आधी काय बनत होतं, आणि मातीचा व भूजलाचा तपासणी अहवाल कुठे आहे. इमारतीसाठी जमिनीची भारक्षमता तपासलेला अहवाल बिल्डर लगेच पुढे करेल. तो या कामाचा नाही. रसायनांच्या चाचणीचा वेगळा मागावा, आणि तो नसेल तर सोसायटी होण्याआधी सगळ्या खरेदीदारांनी मिळून तो करून घ्यावा.